वीज संस्थेचा वार्षिक हिशेब सभासदाने कसा वाचावा?

(रेडिओवरील शेतीविषयक भाषणाचा मजकूर)



शेतीखात्याचा माणूस आज विजेच्या हिशेबावर का बोलतोय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. कारण अगदी साधं आहे. बियाणं, खत, औषध यांची शिफारस आम्ही करतो खरी, पण ती सगळी उभी असते पाण्याच्या पाळीवर, आणि विहिरीवरची, बोअरवरची पाळी उभी असते विजेवर. गव्हाचंच उदाहरण घ्या. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात, ४० ते ४५ दिवसांनी पीक कांडी धरतं, ६५ ते ७० दिवसांनी फुलोरा येतो आणि ८० ते ८५ दिवसांनी दाणा भरतो. या चार वेळा पाणी मिळालं तर उतारा पडतो. नेमकी त्याच आठवड्यात डीपी जळाली, तर विहिरीत पाणी असूनही पीक डोळ्यांदेखत वाळतं. म्हणून वीज पुरवणारी संस्था धडधाकट आहे की आतून पोखरलेली आहे, हे ओळखता येणं हाही शेतीच्या ज्ञानाचाच एक भाग आहे.

संस्था धडधाकट आहे की नाही हे कशावरून कळतं? तिच्या वार्षिक अहवालावरून. हा अहवाल कसा वाचायचा, हे आज एका खऱ्या संस्थेच्या आधारे पाहू. ती संस्था म्हणजे श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था.

शेतकऱ्यांची स्वतःची वीज संस्था

नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, हा सहकाराचा जिल्हा. १९५० च्या हंगामात लोणीजवळ प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. ऊस आला, विहिरी आल्या, मग मोटरी आल्या. मोटरींना वीज हवी होती.

१९६९ साली केंद्र सरकारने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन केलं. खेडोपाडी वीज नेण्यासाठी कर्ज देणं हे त्याचं काम. या महामंडळाच्या मदतीने देशात प्रयोग म्हणून पाच ठिकाणी वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. उत्तर प्रदेशात लखनौ, गुजरातेत कोडीनार, कर्नाटकात हुक्केरी, त्या वेळच्या आंध्र प्रदेशात सिरसिल्ला आणि आपल्या महाराष्ट्रात मुळा-प्रवरा. कल्पना अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या वीज संस्थांवरून घेतलेली होती. तिकडे १९३५ च्या सुमारास दहा शेतकऱ्यांपैकी जेमतेम एकाच्या घरी वीज होती. खाजगी कंपन्या दूरच्या वस्तीवर तारा ओढायला तयार नव्हत्या. मग शेतकऱ्यांनी सरकारी कर्ज घेऊन स्वतःच संस्था काढल्या, आणि १९५० नंतरच्या काही वर्षांतच दहापैकी नऊ शेतांवर वीज पोचली.

मुळा-प्रवरेची रचना समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर आहे. संस्था वीज तयार करीत नव्हती. ती राज्य वीज मंडळाकडून घाऊक वीज विकत घ्यायची आणि आपल्या खांबांवरून, आपल्या तारांवरून, आपल्या डीप्यांमधून सभासदांना किरकोळ विकायची. श्रीरामपूर, राहुरी, राहाता, संगमनेर आणि नेवासे या भागांतली पावणेदोनशेहून जास्त गावं तिच्या क्षेत्रात होती. वायरमन संस्थेचा, बिल संस्थेचं, संचालक सभासदांनी निवडलेले. किराणा दुकानासारखाच हा व्यवहार. घाऊक घ्यायचं, किरकोळ विकायचं, आणि मधल्या फरकात दुकान चालवायचं.

अहवालातले तीन आकडे

वीज संस्थेचा अहवाल जाडजूड असतो. सुरुवातीला फोटो, मग मनोगत, मग श्रद्धांजली. हे सगळं असू द्या, पण आपण तीन आकडे शोधायचे.

पहिला आकडा: वर्षभरात विकत घेतलेली युनिटं किती?

दुसरा आकडा: त्यांपैकी किती युनिटांचं बिल निघालं?

तिसरा आकडा: निघालेल्या बिलांपैकी किती पैसे प्रत्यक्ष जमा झाले?

आता एक मनाने धरलेलं उदाहरण घेऊ. हे कोणत्याही खऱ्या संस्थेचे आकडे नाहीत, हिशेब कळावा म्हणून सोपे केले आहेत. समजा, एका संस्थेने वर्षाला १ कोटी युनिटं ४ रुपये दराने घेतली. खरेदी झाली ४ कोटींची. बिल निघालं ७५ लाख युनिटांचं, सरासरी ५ रुपये दराने. म्हणजे मागणी झाली पावणेचार कोटींची. वसुली झाली शेकडा ८०. म्हणजे हातात आले ३ कोटी. पगार, दुरुस्ती आणि व्याज यांचा खर्च धरा ६० लाख. एकूण खर्च ४ कोटी ६० लाख, जमा ३ कोटी. तूट १ कोटी ६० लाखांची, तीही एकाच वर्षात.

ही तूट भरायची कशी? बहुतेक ठिकाणी एकच वाट धरली जाते. घाऊक विजेचं बिल पूर्ण भरायचं नाही, मागे ठेवायचं. पहिल्या वर्षी कुणाला काही जाणवत नाही. वीज चालू असते, मोटरी चालू असतात, सभेत चहा-फराळ होतो. पण त्या बाकीवर व्याज चढतं, व्याजावर विलंब आकार चढतो. दहा-पंधरा वर्षांनी ती रक्कम अशी फुगते की संस्थेची सगळी मालमत्ता विकली तरी फिटत नाही. घाऊक दुकानदाराची उधारी थकलेल्या किरकोळ दुकानाचं जे होतं, तेच होतं.

आता याच उदाहरणात सुधारणा करून बघू. गळती २५ वरून १५ टक्क्यांवर आणली, वसुली ९५ टक्क्यांवर नेली. बिल निघेल ८५ लाख युनिटांचं, मागणी सव्वाचार कोटींची, आणि जमा होतील साधारण ४ कोटी ४ लाख. तूट १ कोटी ६० लाखांवरून ५६ लाखांवर आली. म्हणजे नुसती गळती आणि वसुली सुधारून एक कोटीहून जास्त वाचले. पण बघा, ५६ लाखांची तूट उरलीच. ती का उरली? कारण घेण्याचा आणि विकण्याचा दर यांतलं अंतरच अपुरं आहे. तेवढी रक्कम एकतर शासनाच्या अनुदानातून यायला हवी किंवा दरातून. म्हणून कुणी सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारत असेल तर तेही खरं नाही, आणि कुणी सगळा दोष दराला देत असेल तर तेही खरं नाही. अहवालात दोन्ही वेगवेगळे दाखवले आहेत का, हे सभासदाने बघायचं.

मीटर नसलेल्या पंपाचं गणित

मुळा-प्रवरेच्या क्षेत्रात शेतीपंपांचा भार मोठा होता. शहरी कंपनीकडे कारखाने, दुकानं, सिनेमागृहं असतात. त्यांच्याकडून चढा दर घेऊन शेतीचा स्वस्त दर भरून काढता येतो. खेड्यातल्या संस्थेकडे हा आधार थोडा. ही तिची पहिली अडचण.

दुसरी अडचण अश्वशक्तीवरच्या आकारणीची. १९७० नंतरच्या दशकात आपल्याकडे बऱ्याच राज्यांत पंपांचे मीटर बाजूला पडले आणि मोटर किती अश्वशक्तीची त्यावर ठोक बिल सुरू झालं. शेतकऱ्याला ते सोपं वाटलं, संस्थेचंही रीडिंग घेण्याचं काम वाचलं. पण त्यातून एक मोठा घोळ झाला. मीटरच नसेल, तर पंपाने किती वीज घेतली हे कळणार कसं? मग अंदाज बांधायचा. आणि अंदाज आला की त्याच्याआड बरंच काही लपतं. तारेत जळालेली वीज, आकडा टाकून घेतलेली वीज, बंद पडलेल्या मीटरमागून गेलेली वीज, ही सगळी 'शेतीचा वापर' या एका खान्यात ढकलता येते. शेतकऱ्याने न वापरलेली वीजही त्याच्या नावावर चढते. दुसरीकडे, कागदावर ५ अश्वशक्ती आणि विहिरीत साडेसातची मोटर, असाही प्रकार चालतो.

म्हणून सांगतो, मीटर हा शेतकऱ्याचा शत्रू नाही. तो आपला साक्षीदार आहे. एप्रिल २०२४ पासून राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल स्वतः भरण्याची योजना घेतली आहे, आणि ती मार्च २०२९ पर्यंत जाहीर झालेली आहे. काहीजण म्हणतील, आता बिलच नाही तर मीटर कशाला? बंधूंनो, बिल शासन भरतं, म्हणजे कुणीतरी भरतंच. आपण खरोखर किती वीज वापरतो याचा पुरावा उद्या आपल्याच उपयोगी पडणार आहे.

तारेत जळणारी वीज

गळती म्हणजे सगळी चोरीच, असा समज आहे. तो बरोबर नाही. काही वीज तारेतच उष्णता होऊन जाते. नियम असा की, तारेतून दुप्पट प्रवाह गेला तर नुकसान दुप्पट होत नाही, चौपट होतं. डीपीपासून लांबवर, बारीक तारेवर, एकामागून एक मोटरी जोडल्या की शेवटच्या शेतकऱ्याला दाब मिळत नाही. दाब कमी झाला की मोटर जास्त प्रवाह ओढते, तापते आणि जळते. मग मोटर भरून आणायला तालुक्याला फेरी, खर्च वेगळा, आणि पाण्याची पाळी गेली ती गेलीच. संस्थेचं नुकसान आणि आपलं नुकसान असं एकाच तारेतून होतं.

यावर प्रत्येकाला करता येण्यासारखे चार उपाय आहेत.

कपॅसिटर बसवा. आपल्या मोटरी बऱ्याचदा ०.७ च्या आसपास शक्तिगुणकावर चालतात, म्हणजे कामाला लागतो त्यापेक्षा जास्त प्रवाह तारेतून ओढतात. योग्य कपॅसिटर लावून हा गुणक ०.९ वर नेला, तर प्रवाह शेकडा २२ ने कमी होतो आणि तारेतलं नुकसान जवळजवळ शेकडा ४० ने घटतं. ३ अश्वशक्तीला १ केव्हीएआर, ५ अश्वशक्तीला २ आणि साडेसातला ३, असं साधारण प्रमाण आहे. तो जाणकार वायरमनकडूनच बसवून घ्या. एकट्याने बसवून थोडा फायदा होतो, पण एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसवला तर डीपीच वाचते.

खरी अश्वशक्ती नोंदवा. १०० केव्हीए डीपीवर ५ अश्वशक्तीच्या साधारण १५-१६ मोटरी नीट चालतात, ६३ केव्हीएवर दहाच्या आसपास. कागदावर १५ आणि विहिरींवर २५ मोटरी असल्या, तर ती डीपी भर रब्बीत जळणार हे ठरलेलंच. नोंद खरी असेल तरच जादा डीपी मागण्याचा हक्क सांगता येतो.

ऑटो स्विच काढा. लाइट आल्याबरोबर सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. सगळ्यांचा तो झटका एकाच क्षणी डीपीवर बसतो. शेजाऱ्यांशी बोलून पाच-पाच मिनिटांच्या अंतराने मोटरी लावा.

आकडा टाकू नका, टाकू देऊ नका. आकड्याने वीज जाते, फेजांवरचा भार बिघडतो, आणि ओल्या शेतात माणूस किंवा जनावर दगावतं. फुकटच्या विजेपायी घरातला कर्ता माणूस गमावल्याच्या बातम्या दर वर्षी येतात.

मुळा-प्रवरेचं पुढे काय झालं?

संस्था जवळपास चाळीस वर्षं चालली. ज्या वाड्यावस्त्यांवर कंदील होते तिथे तिने वीज नेली, हे कुणी नाकारू शकत नाही. पण घाऊक विजेची बाकी वाढत गेली. संस्थेचं म्हणणं होतं की आमच्याकडे शेतीचा भार जास्त, म्हणून आम्हाला लावलेला घाऊक दर परवडणारा नाही, तो चुकीचा आहे. वीज पुरवणाऱ्यांचं म्हणणं होतं की दिलेल्या विजेचे पैसे मिळालेच पाहिजेत. २००५ साली राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन वितरणासाठी महावितरण ही कंपनी झाली, आणि ही बाकी तिच्याकडे आली. वाद वीज नियामक आयोगापुढे आणि न्यायालयांत गेला. थकबाकीचा आकडा दोन हजार कोटी रुपयांच्या वर सांगितला जाऊ लागला.

३१ जानेवारी २०११ रोजी संस्थेच्या परवान्याची मुदत संपली. आयोगाने त्या क्षेत्राचा वितरण परवाना महावितरणला दिला, आणि १ फेब्रुवारी २०११ पासून त्या गावांची वीज महावितरणकडे गेली. खांब तेच, तारा त्याच, डीप्या त्याच. फरक एवढाच की त्या तारांवरून वीज विकण्याचा आणि दर वर्षी त्याचा हिशेब मागण्याचा सभासदाचा हक्क संपला.

सगळ्याच वीज संस्थांचं असं झालं का? नाही. त्याच पाचांपैकी बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था आणि आता तेलंगणात असलेली सिरसिल्ल्याची संस्था अजून आपापल्या भागात वीजवाटप करतात. अडचणी त्यांनाही आहेत. पण शेतकऱ्यांच्या वीज संस्थेला पन्नास वर्षांहून जास्त टिकता येतं, एवढं त्यांनी दाखवलं आहे.

मग आपण काय घ्यायचं?

आपल्यापैकी अनेकांच्या गावात आज वीज संस्था नाही. पण उपसा सिंचन संस्था आहे, पाणीवापर संस्था आहे, सोसायटी आहे, दूध संस्था आहे. हिशेब तोच आहे. उपसा संस्था विजेवर पाणी उचलते आणि सभासदांना विकते. उचललेलं पाणी किती, आकारणी झालेलं क्षेत्र किती, वसूल झालेली पाणीपट्टी किती, हे तीन आकडे तिथेही लागू पडतात. वीजबिल थकल्यामुळे पंप बंद पडलेल्या आणि पाइप गंजत पडलेल्या उपसा योजना आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांच्या सभासदांच्या सात-बारावर बोजा मात्र राहिला.

महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते. त्या दिवसांत सोयाबीन-बाजरीची काढणी तोंडावर असते, आणि माणूस म्हणतो, सभेला जाऊन काय मिळणार? तिथेच चुकतं. हात वर करून 'मंजूर' म्हणायला एक क्षण लागतो, पण त्या क्षणाची किंमत पुढची दहा वर्षं द्यावी लागते.

सभेला जाण्याआधी अहवालाची प्रत मागून घ्या. चार-पाच जण मिळून वाचा. घरात शिकलेला मुलगा, मुलगी, सून असेल तर तिलाही बसवा. सभेत आवाज चढवायची गरज नाही. शांतपणे पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.

१. या वर्षी किती घेतलं, किती विकलं आणि मधलं किती गेलं? मागच्या वर्षी हाच आकडा किती होता?

२. बिलांची मागणी किती आणि वसुली किती? सगळ्यांत मोठे दहा थकबाकीदार कोणत्या प्रकारचे ग्राहक आहेत?

३. संस्थेचं येणं किती आणि देणं किती? देण्यावर या वर्षी व्याज किती चढलं?

४. शासनाकडून यायचं अनुदान किती, त्यातलं प्रत्यक्ष आलं किती?

५. किती डीप्या किंवा पंप जळाले आणि दुरुस्तीला सरासरी किती दिवस लागले?

६. लेखापरीक्षणात कोणता वर्ग मिळाला, आणि मागच्या वर्षीच्या दोषांची दुरुस्ती झाली का?

तीन वर्षांचे हे आकडे एका वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवा. एका वर्षाचा आकडा फसवू शकतो, पाऊस कमी झाला, दर वाढले, अशी कारणं असतात. पण तीन वर्षं सलग देणं वाढत असेल आणि वसुली घसरत असेल, तर कारण कुठलंही सांगितलं जावो, संस्था उताराला लागली आहे असं समजा. त्या वेळी बोललात तर सावरता येतं. परवाना जायची, जप्ती यायची वेळ आल्यावर बोलून उपयोग नाही.

आणि बंधूंनो, प्रश्न विचारायचा तर आपलं स्वतःचं बिल, पाणीपट्टी किंवा हप्ता भरलेला असावा. थकबाकीदाराचा प्रश्न कितीही बरोबर असला तरी सभेत त्याला पहिलं उत्तर 'आधी तुमची बाकी भरा' असंच मिळतं. हातात पावती असली की बोलण्याला वजन येतं.

या रब्बीत मोटर सुरू करण्यापूर्वी आपल्या डीपीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांची एक बैठक घ्या. कुणाची मोटर किती अश्वशक्तीची, कपॅसिटर कुणाकडे आहे, कुणाकडे नाही, ऑटो स्विच कुणी लावलाय, एवढी यादी करा. गव्हाच्या पहिल्या पाळीच्या आत हे काम उरकलं तर त्याचा लाभ याच हंगामात दिसेल. काही अडलं तर गावच्या वायरमनला विचारा, पिकाच्या पाळीबद्दल सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा.